मदत हवी आहे : इराणच्या शहाचं औरंगजेबाला आलेलं पत्र मुलांना कसं सांगू?

शाळेतल्या बाई

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात कसब्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवते. शिवजयंतीच्या आठवड्यात नववीच्या मुलांपुढे पाऊण तास बोलायचं आहे. लाल महाल आमच्यापासून चालत पाच मिनिटांवर, त्यामुळे शायिस्तेखानाची गोष्ट मुलांना तोंडपाठ आहे. या वर्षी जरा लांबून सुरुवात करावी असं मनात आहे. थेट इस्फहानहून, म्हणजे इराणच्या तेव्हाच्या राजधानीतून.

निमित्त झालं पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर फिरत असलेल्या एका संदेशाचं. त्याचा आशय असा : महाराज आग्र्याहून निसटले हे ऐकून इराणच्या शहाने औरंगजेबाला पत्र लिहिलं, ‘स्वतःला आलमगीर म्हणवतोस आणि तुला एक शिवाजी आवरत नाही’, आणि अशा रीतीने परक्या बादशहानेही महाराजांची थोरवी मान्य केली. तीन पालकांनी मला तो पाठवला, ‘बाई, हे वर्गात सांगाच’ म्हणून.

सांगायला मलाही आवडेल. पण मुलं घरी जाऊन तेच बोलणार, म्हणून आधी थोडं वाचलं. वाचल्यावर लक्षात आलं की शहाला खरी चिंता कंदाहारची होती. काबूल आणि हेरात यांच्या मधलं हे ठाणं मुघल आणि सफवी (इराणचं राजघराणं) अशा दोन्ही घराण्यांना आपलं वाटायचं. १५२२ मध्ये बाबराने ते घेतलं. पुढे हुमायून राज्य गमावून शहा तहमास्पकडे आश्रयाला गेला, त्याच्या फौजेच्या बळावर १५४५ मध्ये कंदाहार जिंकलं आणि ठरल्याप्रमाणे इराणी राजपुत्राच्या हवाली केलं. तो राजपुत्र वारला आणि हुमायूनने ते स्वतःकडेच ठेवलं. ही बोच इराणच्या दरबाराने शंभर वर्षं जपली. १५५८ मध्ये ते इराणकडे, १५९५ मध्ये अकबराकडे, १६२२ मध्ये पुन्हा इराणकडे, १६३८ मध्ये इराणचाच सुभेदार अलीमर्दानखान फुटला म्हणून शहाजहानकडे, आणि १६४९ च्या फेब्रुवारीत दुसऱ्या शहा अब्बासने ते परत घेतलं. मुघलांनी ऐन हिवाळ्यात बर्फामुळे कुमक पाठवली नाही. नंतर १६४९, १६५२ आणि १६५३ असे तीन वेढे घातले, तिन्ही फसले. पहिल्या दोन वेढ्यांत स्वतः औरंगजेब होता. म्हणजे पत्र लिहिणारा शहा कंदाहार जिंकलेला, आणि पत्र ज्याला आलं तो त्याच कंदाहारपुढून दोनदा हात हलवत परतलेला.

हे कळल्यावर पत्राचा सूरच मला वेगळा ऐकू यायला लागला.

इतिहासकार जदुनाथ सरकारांनी औरंगजेबाच्या इतिहासात या पत्राचा इंग्रजी अनुवाद दिला आहे. त्याचा गोषवारा असा. हिंदुस्थानातले बहुतेक जमीनदार बंड करून उठले आहेत, कारण त्यांचा राजा दुबळा आहे. त्यांत पुढे आहे शिवा. काल त्याचं नावही कुणाला माहीत नव्हतं, आज तो डोंगराच्या शिखरासारखा दिसू लागला आहे, त्याने किल्ले घेतले, बंदरं लुटली, सैन्य कापलं. तू स्वतःला जग जिंकणारा म्हणवतोस, जिंकलंस ते फक्त बापाला. आणि शेवटी, माझ्या पूर्वजांनी तुझ्या हुमायूनला आसरा दिला होता, आता मीच फौज घेऊन तुझ्या मदतीला येतो.

मला अडचण पडली आहे ती अशी. हे पत्र आग्र्याच्या सुटकेनंतरचं म्हणावं का? ते मूळ कागदातून नव्हे तर नकलांतून आलं आहे, तर कितपत अस्सल मानायचं, आणि ‘नक्कल’ म्हणजे ‘खोटं’ नव्हे हे चौदा वर्षांच्या मुलांना कसं समजावू? आणि त्यात महाराजांसाठी ‘काफिर’ वगैरे शब्द आहेत, त्यांचं काय करू? फारसी जाणणारं कुणी असेल तर फार उपकार होतील. मला फारसी येत नाही. मोडी वाचते.

दख्खनवारा

बाई, पहिल्याचं उत्तर तारखाच देतात.

महाराज आग्र्याहून निघाले १७ ऑगस्ट १६६६ ला. औरंगजेबाचा एलची (राजदूत) तरबियतखान १६६३ च्या अखेरीस इराणकडे निघाला होता आणि हे पत्र घेऊन तो परत आला. शहाच्या स्वारीच्या भीतीने औरंगजेबाने सप्टेंबर १६६६ च्या सुरुवातीलाच शहजादा मुअज्जमला पंजाबकडे रवाना केलं, म्हणजे एलचीची खबर त्याआधी पोचली होती. इस्फहानहून हिंदुस्थानात यायला काही महिने लागायचे. तेव्हा पत्र लिहिलं गेलं ते सुटकेच्या बरंच आधी. संदेशातला ‘आग्र्याहून निसटले हे ऐकून’ हा भाग टिकत नाही.

फारसीचा विद्यार्थी

वरच्या हिशेबात थोडी भर घालतो. पत्रात बंदरं लुटल्याचा उल्लेख आहे, म्हणजे जानेवारी १६६४ ची सुरत शहाच्या कानावर गेली होती. जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह होऊन तेवीस किल्ले मुघलांना दिले गेले, त्याचा मात्र पत्रात मागमूस नाही. म्हणजे शहाकडची बातमी या दोन घटनांच्या मधली. आणि त्याला बातमी कशी लागली याचं नवल वाटायला नको. सुरतेची जहाजं इराणच्या बंदर अब्बासला सतत जात-येत होती. सुरत लुटली गेली तर बंदर अब्बासच्या बाजारात ते महिन्या-दोन महिन्यांत कळणारच.

आता अस्सलपणाबद्दल. शहाच्या शिक्क्याचा मूळ कागद हातात धरून आपण हे पत्र वाचत नाही. ते आपल्यापर्यंत आलं आहे पत्रसंग्रहांच्या नकलांमधून. फारसी दरबारांत मुनशी लोक गाजलेली पत्रं उतरवून ठेवत, नव्या मुनशींना मायना कसा घालावा, बोचरी गोष्ट अदबीत कशी लिहावी हे शिकवायला. या प्रकाराला इन्शा म्हणतात. तुम्ही मोडी वाचता, तर मेस्तकं तुम्हाला माहीत असतील. कुणाला कोणता मायना, कुणाला ‘विज्ञापना’ आणि कुणाला ‘आज्ञा’ हे त्यांत असतं. इन्शा त्याच जातीची, फक्त नमुने खऱ्या पत्रांचे.

त्यात धोका एकच. शिकवताना उतरवलेलं पत्र पुढचा मुनशी थोडं रंगवतो. म्हणून संग्रहातलं पत्र वाचताना मी दोन गोष्टी बघतो. मजकुरातल्या घटना त्या काळात बसतात का, आणि दुसऱ्या बाजूच्या साधनांत त्या वकिलातीचा माग लागतो का. इथे दोन्ही जुळतं. १६६१ मध्ये शहाचा एलची बुदाक बेग दिल्लीला आला, तेव्हा फ्रेंच प्रवासी बर्निये दिल्लीत होता आणि त्याने ते लिहून ठेवलं. उलट वकिलात तरबियतखानाची. इस्फहानात त्याचा अपमान झाल्याच्या गोष्टी इटालियन प्रवासी मनुचीने लिहिल्या आहेत. परत आल्यावर औरंगजेबाचा रोष बिचाऱ्या तरबियतखानालाच सोसावा लागला. वकिलात झाली आणि ती बिनसली यात शंका नाही. पत्राचा प्रत्येक शब्द शहाचा आहे, असं मात्र वर्गात म्हणू नका.

रियाझुल इस्लाम यांनी १५०० ते १७५० या काळातल्या हिंदुस्थान-इराण पत्रांची दोन खंडांची सूची केली आहे. कोणतं पत्र कुणाचं, कोणत्या संग्रहात, हे शोधायला तीच आधी बघा. भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा भांडारकरला विचारा. ग. ह. खऱ्यांनी मंडळासाठी ऐतिहासिक फारसी कागदांचे जे खंड केले ते जरूर चाळा. हे पत्र शोधायला नव्हे. फारसी कागदाची रचना मराठीत कशी उलगडून दाखवायची हे त्यांतून कळेल.

पेन्शनर सदाशिव पेठ

बाई, फार चांगलं करता आहात. माझं एकच सांगणं. ते अपशब्द वगळा. मुलं लहान आहेत, आणि सभेत कुणी एखादा शब्द उचलून भलतीकडे नेला तर निस्तरायचं तुम्हाला पडेल. डोंगराच्या शिखराची उपमा आहे ना, तेवढी सांगा. ती सुंदर आहे.

शाळेतल्या बाई

काका, तुमची काळजी कळते आणि शिखराची उपमा मलाही फार आवडली. पण शब्द वगळले की पत्राचा अर्थच उलटतो. शहा महाराजांचा चाहता नव्हता. त्याला औरंगजेबाच्या वर्मावर बोट ठेवायचं होतं, आणि ‘ज्याला तू कस्पट समजतोस त्यानेच तुझी ही दशा केली’ असं म्हणण्यात ती बोच आहे. महाराजांना जितकं हीन लेखावं तितका औरंगजेबाचा पाणउतारा मोठा. ‘थोरवी मान्य केली’ हे वाक्य तिथेच खोटं पडतं. मला मुलांना हेच दाखवायचं आहे की हिणवण्याच्या शब्दांतूनसुद्धा आपल्याला काय कळतं. लाल महालात १६६३ च्या एप्रिलमध्ये एका रात्री जे झालं, सुरतेत जे झालं, ते हजारो मैलांवरच्या दरबारात राजकारणाचं हत्यार झालं होतं. तीन वर्षांच्या आत! यापेक्षा मोठी गोष्ट मला वेगळी करून सांगायची गरजच वाटत नाही.

‘काफिर’ हा शब्द त्या काळच्या फारसी दरबारी लिखाणात शत्रूसाठी कसा सर्रास यायचा, हे एका वाक्यात सांगून पुढे जाईन.

@फारसीचा विद्यार्थी, मेस्तकांची तुलना अगदी पटली. हीच वर्गात वापरते.

चित्रवेल्हाळ

मुलांना दाखवायला एक चित्र सुचवते. जहांगीरच्या दरबारी चित्रकार अबुल हसनने १६१८ च्या सुमारास काढलेलं, सध्या वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहात आहे. जहांगीर आणि पहिला शहा अब्बास पृथ्वीच्या गोलावर उभे राहून गळाभेट घेत आहेत. प्रत्यक्षात दोघे कधीच भेटले नाहीत. जहांगीरच्या पायाखाली सिंह, अब्बासच्या पायाखाली मेंढी, आणि सिंह इतका पसरलेला की मेंढी पार भूमध्य समुद्राकडे ढकलली गेली आहे. अब्बासचा चेहरा बिशनदासच्या चित्रांवरून मिळाला असं मानतात. बिशनदास हाही जहांगीरचा चित्रकार, तो जहांगीरचा एलची खानआलम याच्या वकिलातीबरोबर इराणला गेला होता.

आणि हे चित्र काढून जेमतेम चार वर्षं होतात तोच अब्बासने कंदाहार घेतलं! त्यानंतर त्याने जहांगीरला जे पत्र लिहिलं ते जहांगीरच्या आठवणींतच उतरवलेलं आहे. आपण त्या बाजूला शिकारीला निघालो होतो, किल्लेदारांनी आडमुठेपणा केला, अशा सुरात ते आहे. जहांगीरचं उत्तरही तिथेच आहे. दोघंही एकमेकांना भाऊ म्हणतात. मुलांना हे आणि तुमचं १६६६ चं पत्र शेजारी-शेजारी ठेवून दाखवा. पहिल्यात साखर आहे, दुसऱ्यात उघड चाबूक. मधल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत या दोन घराण्यांचं काय झालं ते मुलंच तुम्हाला सांगतील.

शाळेतल्या बाई

हे फार मोलाचं. चित्र पडद्यावर मोठं करून दाखवते, आणि सिंह कुठवर पोचला आहे ते मुलांनाच शोधायला लावते.

काल संध्याकाळी फळ्यावर लिहायचा मजकूर तयार केला. आज रात्रीपर्यंत कुणी तपासून दिला तर बरं होईल :

‘१६६६. इराणचा शहा दुसरा अब्बास औरंगजेबाला पत्र पाठवतो. दोघांत कंदाहारवरून जुनं वैर आहे. पत्र आपल्याला मुनशींच्या नकलांतून मिळतं. त्यात शहा शिवाजी महाराजांचा उल्लेख करतो, औरंगजेबाला हिणवण्यासाठी. मुअज्जम फौज घेऊन पंजाबात जातो. शहा त्याच वर्षी मरतो आणि स्वारी होत नाही. कंदाहार औरंगजेबाला परत मिळत नाही.’

दख्खनवारा

‘१६६६’ च्या जागी ‘१६६६ मध्ये तरबियतखानाबरोबर पोचलेलं पत्र’ असं करा. लिहिलं कधी आणि पोचलं कधी यातला फरक मुलांना त्यामुळे आपोआप कळेल. बाकी ठीक. मुअज्जमबरोबर मुघलांचा राजपूत सरदार जसवंतसिंह होता, तेही घाला. तोच जसवंतसिंह शायिस्तेखानावरच्या छाप्याच्या वेळी पुण्याबाहेर छावणी करून होता. तुमच्या मुलांना तो ओळखीचा असेल.

शाळेतल्या बाई

घातलं. जसवंतसिंहाचं नाव वाचून मीच क्षणभर थांबले.

तरबियतखानाचं नावही फळ्यावर सर्वांत वर लिहिते आहे. कागद त्यानेच वाहून आणला.