मदत हवी आहे: गोव्याहून शहापुरात आलेल्या पणजीचं मूळ गाव कसं शोधू?

नमस्कार मंडळी,

बेळगावच्या शहापूर भागात आमचं जुनं घर आहे. गेल्या पावसाळ्यात मागची भिंत खचली म्हणून माळा रिकामा केला, तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेत काही कागद सापडले. त्यावरून मला आमच्या घराण्याचं गोव्यातलं गाव शोधायचं आहे. सहा महिने झाले, अडकले आहे. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला मदत करता येणार नाही.

आमचा आज्जा एवढंच सांगायचा की आपली माणसं गोव्याहून आगगाडीने आली, कॅसलरॉकला सामान उघडून तपासलं, आणि आपण शहापुरात राहिलो. कशासाठी आली, असं विचारलं की "व्यापाराला". कसला व्यापार ते कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. आज्जीच्या तोंडी मात्र कोंकणी शब्द यायचे, तेही फक्त स्वयंपाकघरात. बाहेरचं कुणी आलं की ती एकदम बेळगावी मराठी बोलायची.

ट्रंकेत काय निघालं ते सांगते.

एक सारंगीचा गज. सारंगी नाही, नुसता गज, केस तुटलेले. एक वही, बाळबोध अक्षरात. तिच्यात चिजांच्या अस्ताया-अंतरे लिहिलेत, आणि मागच्या पानांवर बैठकांचा हिशेब: मिरज, जमखंडी, रामदुर्ग, कुरुंदवाड, पुन्हा मिरज, पुढे रुपये-आणे. ही सगळी तेव्हाची संस्थानं. वहीवर नाव आहे ते आज्जांच्या मामांचं. म्हणजे आमच्या पणजीचा भाऊ सारंगी वाजवत होता.

आज्जांचा शाळेचा दाखला. वर सांगली संस्थान असं छापलंय. पालकाच्या नावाच्या रकान्यात आधी एका बाईचं नाव आहे, आणि नंतर वेगळ्या शाईने शेजारी एका पुरुषाचं नाव घातलंय.

आणि घराचं खरेदीखत, मोडीत. ओळखीच्या एका काकांनी मोबाइलवरचा फोटो बघून घाईघाईत थोडं वाचून दिलं. घर घेणारी बाई आहे, दाखल्यातलीच. नावापुढे "कलावंतीण, हल्ली वस्ती शहापूर, मूळ राहणार गोवे प्रांत, मौजे" आणि पुढे कसर लागलीय. गावाचं नाव नेमकं त्या भोकात गेलं.

वाचून मी बराच वेळ तशीच बसून होते. आमची पणजी गाणारी होती, तिचा भाऊ तिच्या साथीला सारंगीवर होता, तिने आपल्या कमाईवर घर घेतलं, त्या घरात आम्ही चार पिढ्या वाढलो. आणि आम्हाला तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं. श्राद्धाला आम्ही जी नावं घेतो त्यात ती नाही. मला तिचं नाव तिथे हवं आहे, गाव हवं आहे, आणि ती काय गायची, कुणाकडे शिकली, हे कळलं तर फारच.

आता अडचणी.

एक म्हणजे साल. काकांनी १८४९ असं वाचलं. त्याच्या आधीची अक्षरं फाटलीत, नंतर "प्रभव" असं काहीतरी आहे. पण १८४९ सालचा कागद असेल तर घेणारी बाई आज्जांची आई कशी? आगगाडी कुठली तेव्हा?

दुसरं, कुलदैवत शांतादुर्गा. पण कुठली? कवळ्याची, फातर्प्याची, धारगळची? आम्ही लहानपणापासून कवळ्याला जातो, ते बाबांनी सुरू केलं म्हणे. त्याआधी नारळ घरीच ठेवायचे.

तिसरं, आडनाव. आमचं आताचं आडनाव गावावरून नाही, आणि ते दाखल्यावरच्या नंतरच्या शाईत पहिल्यांदा दिसतं. त्यामुळे आडनावावरून शोध घेतला तो सगळा वाया गेला.

इथल्या एका कार्यालयात जुनं रजिस्टर मागितलं, तर एवढं जुनं इथे नाही म्हणाले. अर्जही कन्नडमध्ये द्या म्हणाले, तो दिला. उत्तर नाही.

आत्या शहात्तर वर्षांची आहे. तिला माहीत असावं असं वाटतं, पण विषय काढला की उठून आत जाते. तिला दुखवायचं नाही म्हणून नावं इथे देत नाही. कुणी अशा शोधातून गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद: टिळकवाडीकर

ताई, १८४९ हे इसवी सन नाही, शक आहे. शकात ७८ मिळवा, १९२७ येतं. "प्रभव" हे संवत्सराचं नाव, साठातलं पहिलं, आणि शके १८४९ चं संवत्सर प्रभवच. इसवी १८४९ असतं तर "सौम्य" लिहिलं असतं. फाटलेल्या जागी "शके" असणार. देशातली पहिली प्रवासी रेल्वेच १८५३ ची, तेव्हा आज्जांची गोष्ट खरी आणि कागदही खरा.

आणि तुम्ही चुकीच्या दारात उभ्या आहात. शहापूर बेळगावला चिकटून असलं तरी १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं. कपिलेश्वराच्या देवळाच्या अलीकडे इंग्रज, पलीकडे पटवर्धन, म्हणजे सांगलीचे संस्थानिक. मग ते मुंबई राज्यात आलं आणि १९५६ ला म्हैसूर राज्यात. १९२७ चं खरेदीखत संस्थानच्या अंमलातलं. सांगलीला आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात चौकशी करा, तिथे अर्ज मराठीत चालेल.

प्रतिसाद: मोडीवेडा

फोटोवरून मोडी वाचून घेऊ नका. कागद सपाट करून उजेड तिरका पाडून स्कॅन करा. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी वाचून देतो, पैसे नकोत.

गावाचं नाव कसरीने खाल्लं म्हणून थांबू नका. खरेदीखतात सगळे बघतात घेणाऱ्याचं नाव. तुम्ही खाली बघा. चतुःसीमा असेल: पूर्वेस कुणाचं घर, दक्षिणेस कुणाचं. शेवटी साक्षी असतात. परमुलखात आलेला माणूस साक्षीला आपल्या ओळखीचा, बऱ्याचदा आपल्याच गावचा माणूस नेतो. शहापुरात गोव्याकडचे सोनार पिढ्यान्‌पिढ्या आहेत. साक्षीत कुणी "शेट" सापडला आणि त्याचं घराणं अजून तिथे असेल, तर त्यांना आपलं गाव पक्कं माहीत असतं. पणजीचं गाव तेच निघेल असं नाही, पण सुरुवात तिथून करा.

प्रतिसाद: फोंड्याची लेक

मी स्वतः अशाच घरातली आहे, म्हणून मोकळेपणाने लिहिते. तुम्ही पुरुषाच्या नावाने वंशावळ वर चढवताय, म्हणून अडताय. आमच्या घरांत घर, देवळातली सेवा, गाणं, सगळं आईकडून लेकीकडे जायचं. भाऊ साथीला, तुमच्याकडे होता तसाच. तेव्हा आज्जांच्या वडिलांचा नाद सोडा. पणजीची आई कोण, पणजीला बहीण होती का, ते शोधा. दाखल्यावरचं पहिल्या शाईतलं नाव हाच तुमचा धागा.

गोव्यात आधी देवळात जा, मग दप्तरात. देवळातल्या जुन्या माणसांना वहीतलं मामांचं नाव सांगा. सारंगीवाला माणूस लक्षात राहतो. मग पणजी शहरातलं अभिलेखागार. ते १५९५ पासूनचं आहे, पण कागद बहुतेक पोर्तुगीजमध्ये, वाचणारं माणूस सोबत न्या.

आत्यांना "आपण कोण होतो" असं विचारू नका. त्या प्रश्नाने आमच्या आयांनी फार सोसलंय. शाळेत, लग्न जुळवताना, शेजारात. वही घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि एखादी चीज वाचून दाखवा. बास.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. शकाची गोष्ट कळल्यावर हायसं वाटलं. मी उगाच आणखी एक पिढी मागे शोधत होते.

मोडीवेडा, स्कॅन पाठवले. तुम्ही वाचून दिलेली साक्ष बघितली. दोन साक्षी, एक "शेट", वस्ती सराफ गल्ली. सराफ गल्ली आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं.

फोंड्याची लेक, तुमचं ऐकलं. काल दुपारी आत्याकडे वही घेऊन गेले. काही विचारलं नाही. भीमपलास रागातली एक अस्ताई वाचायला लागले, मला गाता येत नाही, नुसती वाचली. दुसऱ्या ओळीवर आत्या म्हणाली, "तशी नव्हे गं," आणि हळू आवाजात म्हणून दाखवली. पूर्ण. अंतऱ्यासकट. मग म्हणाली, "मोठ्या आईनं शिकवली होती. मागच्या खोलीत, दार लावून."

गावाचं नाव तिलाही नीट आठवत नाही. पण मोठी आई पालखीच्या दिवशी नदी ओलांडून, होडीने देवीला जायची असं लहानपणी तिच्याच तोंडून ऐकलंय म्हणाली. गोव्यातल्या जाणकारांनी सांगावं: होडीने जावं लागायचं असं शांतादुर्गेचं देऊळ कुठलं असेल? रविवारी सराफ गल्लीत जाणार आहे, तिथे काय कळतं ते इथेच लिहीन.