‘वर्षाचा रंग’ मला शोभत नाही, काय करू?

रंगांच्या छटा ठरवून देणाऱ्या पँटोन कंपनीने २०२५ साठी ‘वर्षाचा रंग’ म्हणून ‘मोका मूस’ हा तपकिरी रंग जाहीर केला आणि जिकडे पाहावं तिकडे तोच दिसायला लागला. मीही एक शर्ट अंगाला लावून पाहिला, तर चेहरा अगदी उतरलेला वाटला. माझा जीव अजून जुन्या गडद निळ्या सुती शर्टात आहे. कॉलर विरलीय, पण तो घातला की खांदे आपोआप सरळ होतात. मैत्रीण म्हणते, किती वर्षं तेच घालणार? तुम्ही काय करता?

उत्तर १: फॅशन वीकमध्ये फेब्रुवारी-मार्चला पुढच्या हिवाळ्याचे कपडे दाखवतात, सप्टेंबर-ऑक्टोबरला पुढच्या उन्हाळ्याचे. म्हणजे सगळं काही महिने आधीच ठरतं, तुमचा चेहरा न पाहता. निळाच घाला. आणि कॉलर उसवून उलटी शिवून घ्या, आतली बाजू सहसा धड असते.

उत्तर २: तपकिरी आवडत असेल तर चेहऱ्यापासून लांब ठेवा. पँट किंवा बूट.

मूळ प्रश्नकर्ती: कॉलर उलटवता येते हे माहीतच नव्हतं! आज रात्रीच उसवते. तपकिरी राहू दे.