जांघेतील हर्निया आणि दोनदा होणारी लघवी

प्रश्न (लातूर): आमच्या अण्णांचे वय ६८ असून त्यांच्या उजव्या जांघेत हर्निया आहे. लघवीनंतर फुगवटा दाबला की पुन्हा लघवी होते. या दोहोंचा संबंध असेल का?

उत्तर (सर्जन, नांदेड): होय, मूत्राशयाचा भाग हर्नियात उतरल्याचे हे ओळखीचे लक्षण आहे. ते सर्जनला आधीच सांगा, कारण शस्त्रक्रियेत मूत्राशयाची भिंत चरबी समजून कापली जाण्याचा धोका खरोखरच असतो. सीटी स्कॅनने निदान पक्के होते. शस्त्रक्रियेपूर्वी कॅथेटर (लघवीची नळी) घालतात, मूत्राशय न कापता आत सरकवतात आणि कमकुवत जागेला आधार म्हणून जाळी बसवतात. चुकून छिद्र पडलेच, तर तिथल्या तिथे शिवता येते. मग कॅथेटर काही दिवस ठेवावा लागतो.

उत्तर (परभणी): माझ्या चुलत्यांना हेच झाले होते. प्रोस्टेटही (मूत्राशयाखालची पुरुषांमधील ग्रंथी) तपासून घ्या. ती वाढल्यामुळे लघवीसाठी कुंथावे लागत राहिले, तर हर्निया पुन्हा उद्भवू शकतो.