शिहत्झू कुत्र्याच्या डोळ्याखालचे तांबडे डाग काही जाऊन नाही राहिले

आमचा शिहत्झू पांढराफेक हाय पण डोळ्याखाली अशा रेघा की काताचं बोट ओढलं वाटते, त्यात कापूस वेचणीची धूळ. काय लावू भाऊ?

वऱ्हाडी_बाप्पा: आसवातलं पोर्फिरिन, म्हंजे तांबडा रंग देणारं द्रव्य हाय ते, पांढऱ्या केसावर लगेच दिसते. चपट्या तोंडामुळं आसू नाकात उतरत नाही, गालावर येते. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस बुडवून रोज दोनदा पुस, आन् मंग कोरडं कर, ओलं राह्यलं का वास मारते. जुना डाग केस वाढले का जाईन.

यवतमाळकर: डाग उडवाले पेरॉक्साइड डोळ्याजवळ नेऊ नको बावा. डोळ्यात टोचणारे केस कापून आण.

वऱ्हाडी_बाप्पा: डोळा मिटून राह्यला, पिवळा-हिरवा चिपड आला तर त्याच दिवशी डॉक्टर.

प्रश्नवाला: उजवा मिटतेच थोडा. उद्या नेतो.

यवतमाळकर: उद्या काहून, आजच ने ना!