पाचोळा, नारळाची सोडणं आणि ब्रिस्बेनची टर्की

कंपोस्टची कृती सगळीकडे मिळते, ती इथे नको. तुमच्या बागेत काय बिनसलं आणि मग काय केलंत, तेवढं लिहा. सुरुवात मी करते.

पुणे, गच्ची
पहिल्या उन्हाळ्यात ओला कचरा थेट ड्रममध्ये टाकत गेले. आठवड्यात वास, मग चिलटं, मग करड्या जाड अळ्या. झाकण लावलं आणि पंधरा दिवस गच्चीवर फिरकलेच नाही. त्या अळ्या काळ्या सैनिक माशीच्या, कचरा भराभर संपवणाऱ्या, हे नंतर कळलं. चूक माझी होती, कोरडं काही घातलंच नव्हतं. आता एक डबा ओल्याला दोन डबे पाला. मूठभर खत दाबून बघते. हाताला ओल लागली पाहिजे, पाणी ठिबकता कामा नये. झाडलोट करणाऱ्या मावशींना सांगून ठेवलंय, पाला जाळू नका, पोत्यात भरा. वर्षावृक्षाची बारीक पानं लवकर काळी पडतात, आंब्याची मात्र महिनोन्महिने तशीच्या तशी.

रत्नागिरीजवळ
'मल्चिंग', म्हणजे मातीवर पाल्याचा थर देणं, हा शब्द ऐकून आमच्याकडे सगळे हसले होते. माडाच्या आळ्यात सोडणं (नारळाची सोललेली सालं) पालथी मांडायची, वर झावळ्या टाकायच्या, हे आजी करायचीच. पण शहाणपणा करून मी तोच थर हापूसच्या नव्या कलमाला बुंध्यापर्यंत भिडवला. पावसात साल मऊ पडली, कलम गेलं. आता बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवतो. सुक्या दिवसांत वाळवी येते ती वेगळीच. आठवड्यातून एकदा थर उचलून बघावा लागतो.

नाशिक
कुंड्यांत उसाचं पाचट. उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड पुरतं. पावसाळ्यात त्याखाली गोगलगायी. संपलं!

ठाणे, बाल्कनी
श्रीपाद दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराची (शेतीत प्रयोग करणाऱ्यांचा गट) अमृतमाती, म्हणजे पाला कुजवून केलेली माती, करायला घेतली. त्यासाठी आधी अमृतजल. १० लिटर पाण्यात १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम गूळ, तीन दिवस ढवळायचं, मग दहापट पाणी घालून त्यात पाला भिजवायचा. दुसऱ्याच दिवशी वरच्या मजल्यावरून विचारणा, "तुमच्याकडे गाय आहे का?" आता गोमूत्राऐवजी आंबट ताक वापरतो. पद्धत बिघडवली म्हणा हवं तर, पालक मात्र झकास येतोय.

ब्रिस्बेन
इथेही उसाचं पाचट, फक्त दुकानातून गठ्ठ्याने आणायचं. डिसेंबर ते फेब्रुवारी कडक ऊन आणि मुसळधार सरी, त्यामुळे उघडी माती वाहून जाते. म्हणून मिरच्या-वांग्यांवर चार बोटं थर दिला. सकाळी बघते तर वाफा उघडा आणि पाचट कुंपणाच्या कोपऱ्यात! हे काम ब्रश टर्की या रानपक्ष्याचं, लाल मानेची, काळी, कोंबडीपेक्षा मोठी. नर पालापाचोळ्याचा ढीग रचतो, चार मीटर रुंद, कमरेएवढा. मादी त्यात अंडी घालते, आणि ती उबवतं कुजणाऱ्या पाल्याचं तापमान! आत ३३ ते ३५ अंश हवेत. नर चोच खुपसून अंदाज घेतो आणि पाला कमी-जास्त करतो. माझ्या तीन वर्षांच्या कंपोस्टला इतकी शिस्त कधी नव्हती. कायद्याने संरक्षित पक्षी, पकडायची किंवा इजा करायची सोय नाही. वाफ्यावर तारेची जाळी अंथरून वर दगड ठेवले, तेव्हा मिरच्या वाचल्या.

पुणे, गच्ची
अगं, मग पिल्लं निघाली का?

ब्रिस्बेन
निघाली की! सुमारे पन्नास दिवस लागतात. पिल्लू स्वतःच उकरत वर येतं, पिसांसकट, आई-बाप ढुंकूनही बघत नाहीत. मला दोन दिसली, कुंपणाखालून झुडपात पसार. हंगाम संपून नर निघून गेल्यावर ढीग उकरला, तर खाली काळंभोर, चहाच्या चोथ्यासारखं खत. त्यात भोपळा लावलाय.