मदत हवी आहे: जुनी हार्ड डिस्क काढली की नव्या एसएसडीवरचं विंडोज चालूच होत नाही

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. कॉम्प्युटर माझा नाही, अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा आहे. ते पिंपळगाव बसवंतजवळ शेतावर राहतात, आमची द्राक्षबाग आहे. गेले दोन रविवार मी तिकडे जाऊन याच कामाला बसले आहे. आता अशा ठिकाणी अडकले आहे की एखादी चुकीची कमांड दिली तर दहा वर्षांच्या फवारणीच्या नोंदी जातील. म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

मशीन २०१४ साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे. इंटेल आय-थ्री, चौथी पिढी, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क. सुरुवातीला विंडोज ७ होतं, नंतर त्याच्यावरच विंडोज १० झालं. दिवाळीच्या आसपास अप्पांचा फोन आला की कॉम्प्युटर सुरू व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि आतून कटकट आवाज येतो. गावातल्या एका दुरुस्तीवाल्याने बघून सांगितलं, फॉरमॅट मारू, नीट होईल. अप्पांनी नशिबाने मला विचारल्याशिवाय हो म्हटलं नाही.

मी गेले तेव्हा आधी साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी वायर) बदलून पाहिली. फरक नाही. मग क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम) चालवलं, तर पिवळ्या रंगात ‘कॉशन’, म्हणजे सावधान. ०५ म्हणजे बदलून दिलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) आणि सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे लटकलेले सेक्टर, दोन्ही आकडे शून्याच्या बरेच वर, आणि तासाभराने पुन्हा पाहिलं तर सी५ आणखी वाढलेला. सी७ मात्र शून्य. तो आकडा केबलच्या चुका मोजतो असं वाचलंय, त्यामुळे दोष केबलचा नसून डिस्कचाच आहे असं मी धरलं.

त्या डिस्कवर काय आहे ते सांगते, म्हणजे मी एवढी का घाबरले आहे ते कळेल. आमचा माल निर्यातीला जातो. गोडी छाटणीपासून (फळासाठीच्या छाटणीपासून) काढणीपर्यंतची प्रत्येक फवारणी अप्पा एक्सेलमध्ये लिहितात: तारीख, प्लॉट, औषध, एकरी प्रमाण, पाणी किती, आणि त्या औषधानंतर काढणीला किती दिवस थांबायचं. द्राक्षात औषधाचा उर्वरित अंश तपासला जातो, तेव्हा ही नोंद लागते. पण अप्पांना ती त्याहून जास्त दुसऱ्याच कामाला लागते. फुलोऱ्यात पाऊस झाला की ते जुनी शीट उघडून बघतात, कोणत्या साली असाच पाऊस आला होता, तेव्हा केवडा रोगासाठी काय मारलं होतं आणि ते लागू पडलं होतं का. २०१५ पासूनची प्रत्येक साल त्यात आहे. डायऱ्याही होत्या, पण त्यातल्या काही वाळवीने खाल्ल्या.

तर मी एमजी रोडवरून ४८० जीबीची साटा एसएसडी (आत फिरणारी चकती नसलेली वेगवान डिस्क) आणली. विंडोज ११ या मशीनवर बसत नाही (आठव्या पिढीच्या खालचे इंटेल प्रोसेसर त्यात चालत नाहीत, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते), म्हणून विंडोज १० च टाकायचं ठरवलं. रूफस या प्रोग्रामने विंडोज बसवायचा पेनड्राइव्ह बनवला. त्यात जीपीटी (नवी) आणि एमबीआर (जुनी) अशा डिस्कचे भाग मांडायच्या दोन पद्धती असतात. पहिल्यांदा जीपीटी ठेवून बनवला, तर या बोर्डाने तो ओळखलाच नाही. मग एमबीआर निवडून पुन्हा बनवला, तेव्हा चालला.

इथे मी एक गोष्ट केली आणि तीच चूक आहे असा मला संशय आहे. जुन्या डिस्कवरून फाइल्स लगेच उचलता येतील म्हणून ती जोडलेलीच ठेवली. इन्स्टॉल करताना दोन डिस्क दिसल्या: डिस्क ०, ४६५.८ जीबी आणि डिस्क १, ४४७.१ जीबी. डब्यावर ५०० आणि ४८० लिहिलेलं असतं आणि पडद्यावर हे आकडे दिसतात, त्यामुळे मी दोनदा खात्री करून घेतली की ४४७ वाली, रिकामी आहे तीच नवी. तीच निवडली. विंडोज व्यवस्थित बसलं. लायसन्स त्याच मदरबोर्डशी जोडलेलं असल्यामुळे इंटरनेट लागल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट झालं. प्रिंटरचा ड्रायव्हर, एक्सेल, सगळं टाकलं. चालू व्हायला आता पंचवीस सेकंद. अप्पा खूश.

संध्याकाळी निघण्याआधी जुनी डिस्क काढून पिशवीत घातली आणि शेवटचं एकदा बटण दाबलं. काळा पडदा, वर पांढऱ्या अक्षरांत: ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’.

जुनी परत लावली की सुरू. काढली की बंद. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एसएसडी पहिल्या क्रमांकावर आणली, तरी तेच. म्हणजे विंडोज नव्या डिस्कवर आहे, पण मरायला टेकलेल्या डिस्कशिवाय ते उभंच राहत नाही.

आणखी दोन गोष्टी नजरेला आल्या. चालू करताना निळ्या पडद्यावर ‘चूज ॲन ऑपरेटिंग सिस्टिम’ येतं आणि खाली विंडोज १० दोनदा दिसतं. आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये जुन्या डिस्कच्या छोट्याशा ‘सिस्टिम रिझर्व्ह्ड’ भागावर ‘सिस्टिम, ॲक्टिव्ह’ लिहिलंय, तर नव्या डिस्कच्या सी ड्राइव्हवर नुसतं ‘बूट’. हे वाचून मी आणखीच गोंधळले. सी वर बूट लिहिलंय, तर बूट का होत नाही?

जुनी डिस्क काढून, पेनड्राइव्हवरून स्टार्टअप रिपेअर करून पाहिलं, ‘दुरुस्त करता आलं नाही’ म्हणतं. बूटरेक या विंडोजच्या दुरुस्ती साधनाची फिक्सएमबीआर कमांड यशस्वी झाली, फिक्सबूटने ‘एलिमेंट नॉट फाउंड’ दिलं. तिथे थांबले.

पुन्हा पहिल्यापासून इन्स्टॉल करणं हा उपाय मला माहीत आहे. पण शेतावर नेट मोबाइलचंच, अपडेट्स उतरवायला पूर्ण दिवस गेला होता. बूटच्या, म्हणजे मशीन चालू होताना विंडोज उभं करणाऱ्या, फाइल्स फक्त नव्या डिस्कवर आणता येतील का? आणि त्याआधी किंवा नंतर, जुनीवरचा डेटा कसा काढू? महत्त्वाचं फोल्डर कॉपी केलं, पण २०१९ ची शीट आणि फोटोंचा एक गठ्ठा ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ (डेटा नीट वाचता येत नाही) म्हणून अडतो. दर वेळी प्रयत्न केला की कटकट वाढते, म्हणून सोडून दिलं. डिस्क आता रुमालात गुंडाळून माझ्या कपाटात आहे, अप्पांचा कॉम्प्युटर बंद आहे, आणि बागेत छाटणी होऊन चाळीस दिवस झालेत, म्हणजे फवारण्या ऐन जोरात आहेत.

कृपया सोप्या भाषेत सांगा. मी अकाउंट्सचं काम करते, कमांड टाइप करायला घाबरत नाही, पण प्रत्येक कमांड काय करते ते कळल्याशिवाय एंटर दाबायची नाही असं ठरवलंय.

भर, मंगळवार रात्र

इतक्या उत्तरांची अपेक्षा नव्हती, मनापासून आभार. ‘सिस्टिम’ आणि ‘बूट’ या नावांचा घोळ ज्यांनी उलगडला त्यांचे खास. मायक्रोसॉफ्टच्या भाषेत बूटच्या फाइल्स असतात तो भाग ‘सिस्टिम’ आणि विंडोज असतं तो भाग ‘बूट’, म्हणजे आपण समजतो त्याच्या बरोबर उलट. इन्स्टॉलरला डिस्क ० वर आधीचा ॲक्टिव्ह भाग सापडला, त्याने तिथेच नव्या विंडोजची नोंद केली आणि नव्या डिस्कवर बूटचं काहीच ठेवलं नाही. यादीत विंडोज दोनदा का दिसत होतं तेही आता कळलं.

तुम्ही सांगितलेला क्रम मला पटला: आधी डेटा, मग बूट. आणि जुन्या डिस्कवर चेकडिस्क (डिस्कच्या चुका शोधून दुरुस्त करणारी विंडोजची कमांड) अजिबात चालवायचं नाही, कारण ते दुरुस्तीच्या नादात तिच्यावरच लिहितं. मी नेमकं तेच या रविवारी करणार होते.

भर, रविवार

अप्पांकडूनच लिहिते आहे. दोन्ही कामं झाली. पुढे कुणाला लागेल म्हणून जे केलं ते लिहिते.

लिनक्स मिंट (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) पेनड्राइव्हवरून नुसतं चालवलं, इन्स्टॉल न करता. त्यात डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरून डेटा उचलणारा प्रोग्राम) घेतलं आणि जुन्या डिस्कची पूर्ण प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, १ टीबीच्या बाहेरच्या डिस्कवर काढायला लावली. पहिल्या फेरीत ते अडणारे भाग सोडून चांगला भाग आधी उचलतं, मग दुसऱ्या फेरीत अवघड जागांकडे वळतं. साधी कॉपी पहिल्या खराब जागीच डोकं आपटत बसते, हा फरक डोळ्यांनी पाहिला. कुणीतरी इथे ठासून सांगितलं होतं की मॅप फाइल (कुठपर्यंत काम झालं त्याची नोंद) बाहेरच्या डिस्कवरच ठेवा, पेनड्राइव्हवरच्या तात्पुरत्या जागेत नको. त्यांना काय म्हणू! दुपारी तीनला लाईट गेली. इन्व्हर्टर कॉम्प्युटरला जोडलेला नाही. लाईट आल्यावर तीच कमांड पुन्हा दिली आणि काम थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं. संध्याकाळी सहाला पहिली फेरी संपली, दुसरीला आणखी दीड तास.

२०१९ ची शीट पूर्ण मिळाली. फोटोंपैकी काही अर्धे राखाडी निघाले, ते गेलेच.

बूटचं काम त्या मानाने पाच मिनिटांचं. जुनी डिस्क काढली, फक्त एसएसडी ठेवली, विंडोजच्या पेनड्राइव्हवरून चालू केलं आणि शिफ्ट व एफ१० दाबून काळी खिडकी उघडली. डिस्कपार्टमध्ये (डिस्कचे भाग सांभाळणाऱ्या कमांडमध्ये) जाऊन आधी डिस्कची यादी बघितली, ४४७ जीबीचीच आहे ना ते पाहूनच निवडली, मग तिच्यावरचं पहिलं पार्टिशन निवडून ‘ॲक्टिव्ह’ केलं. व्हॉल्यूमची यादीही बघितली, कारण पेनड्राइव्हवरून आल्यावर ड्राइव्हची अक्षरं बदलू शकतात. माझ्याकडे विंडोज सी वरच होतं. बाहेर येऊन बीसीडीबूट (बूटच्या फाइल्स नव्याने तयार करणारी कमांड) दिलं: विंडोजचं फोल्डर सी वरचं, बूटच्या फाइल्सही सी वरच, आणि प्रकार बायोस. उत्तर आलं, ‘बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड’. पेनड्राइव्ह काढला, बटण दाबलं, आणि दोन नावांची यादी न येता सरळ डेस्कटॉप आला. (ज्यांचं मशीन यूईएफआयवर, म्हणजे बायोसच्या नव्या पद्धतीवर, चालतं त्यांना ॲक्टिव्ह करून उपयोग नाही, त्यांना फॅट३२ चा वेगळा ईएफआय भाग लागतो, हे इथल्याच एका उत्तरात आलंय, ते वाचा.)

एक नवी अडचण मात्र आली आणि ती मी सोडवली. २०१५ ते २०१८ च्या शीट उघडल्या, तर मराठीच्या जागी सगळी चिन्हं. अप्पा खुर्चीत मागे टेकून गप्पच झाले, त्यांना वाटलं नोंदी खराब झाल्या. नोंदी जागेवर होत्या, पण त्या वर्षांचं टायपिंग युनिकोडमध्ये (सगळ्या कॉम्प्युटरवर सारखं दिसणाऱ्या पद्धतीत) नाही, एका जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहे आणि नव्या विंडोजमध्ये तो नव्हता. प्रतिमेतल्या विंडोज फोल्डरात जाऊन फॉन्ट्समधून ती फाइल उचलून आणली, इन्स्टॉल केली, शीट बंद करून उघडली. पहिल्याच ओळीत ‘भुरी’ हे रोगाचं नाव नीट दिसलं. या शीट युनिकोडमध्ये बदलायच्या आहेत, त्यासाठी आकडे आणि तारखा न बिघडवता फक्त मराठीचा रकाना बदलणारं काही खात्रीचं साधन कुणी स्वतः वापरलं असेल तर सांगा.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, हे तुम्ही तिघांनी लिहिलंत आणि ते बरोबर आहे. या हंगामापुरतं हेच ठेवतेय. फवारणीच्या ऐन दिवसांत अप्पांच्या हातातली एक्सेल बदलायची नाही. काढणी आटोपली की मिंट आणि त्यातलं लिबरऑफिस (एक्सेलसारख्या शीट उघडणारं मोफत सॉफ्टवेअर) दाखवीन, आज त्यांनी मिंटचा पडदा पाहिला तेव्हा अक्षरं मोठी आणि स्वच्छ आहेत एवढं तरी म्हणाले.

नोंदींची एक प्रत आता माझ्याकडे इंदिरानगरला आहे, दुसरी बाहेरच्या डिस्कवर. अप्पा शेजारी बसून आजची नोंद भरतायत, प्लॉट दोन, छाटणीनंतर सत्तेचाळिसावा दिवस.