सामूहिक व्यायामवर्गात चढाओढ असावी का?

प्रश्न
मी ज्या व्यायामवर्गाला जाते, तिथे अलीकडे प्रत्येकाचे आकडे फळ्यावर लिहिले जाऊ लागले आहेत: मिनिटभरात किती बर्पी (खाली बसून हात टेकणे, पाय मागे टाकणे आणि पुन्हा उडी मारून उभे राहणे) झाल्या, किती वजन उचलले, रोइंग मशीनवर ५०० मीटरला किती वेळ लागला. वर्गात उत्साह वाढला आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु मागच्या रांगेत शांतपणे व्यायाम करणाऱ्या काही जणींचे येणे कमी झाले आहे. अशी चढाओढ खरोखर उपयोगी ठरते का, आणि ठरत असेल तर कोणाला?

प्रतिसाद १
निदान वर्गाला येण्याच्या बाबतीत तरी ती नक्कीच उपयोगी ठरते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७९० विद्यार्थ्यांना ११ आठवड्यांच्या कार्यक्रमासाठी निरनिराळ्या गटांत विभागले होते. ज्यांना इतरांशी तुलना दिसत होती, त्यांची वर्गातील उपस्थिती बरीच अधिक राहिली. उलट ज्या गटात केवळ परस्परांना प्रोत्साहन देण्याची सोय होती, त्याची उपस्थिती काहीच सोय नसलेल्या गटापेक्षाही कमी भरली. मात्र तेथे तुलना होती ती किती वर्गांना हजेरी लावली याची. वजनाची किंवा वेगाची नव्हे, आणि माझ्या मते सगळा फरक इथेच पडतो.

प्रतिसाद २
मी स्वतः असे वर्ग घेतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

घड्याळ लावून स्क्वॉट (उठाबशा) मोजायला सांगितले की शेवटच्या पंधरा सेकंदांत काय होते, ते एकदा बाजूला उभे राहून पाहावे. मांड्या जमिनीला समांतर होण्याआधीच माणसे वर येऊ लागतात, गुडघे आत वळतात, टाचा उचलल्या जातात, आणि तरीही प्रत्येक अर्धवट स्क्वॉट पूर्ण म्हणून मोजला जातो. फळा आकडा दाखवतो, तो कसा मिळवला हे दाखवत नाही. त्यामुळे नीट व्यायाम करणारी व्यक्तीच यादीत खाली जाते. हा मला या पद्धतीतील सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

दुसरी बाब मागच्या रांगेची. ऑटो कोहलर यांनी १९२० च्या दशकात बर्लिनमधील नौकानयनपटूंवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले होते की, जोडीतील दुबळा गडी एकट्याने करतो त्यापेक्षा अधिक जोर लावतो, पण दोघांच्या ताकदीतील अंतर मध्यम असेल तेव्हाच. अंतर फार असेल, तर तो परिणाम ओसरतो. नवख्या व्यक्तीला वर्गातील सर्वांत तयार व्यक्तीच्या शेजारी फळ्यावर बसवणे म्हणजे तिचा हुरूप मोडणेच होय.

नवख्यांच्या बाबतीत एक धोकाही आहे, आणि तो गांभीर्याने घ्यावा. सवय नसताना ईर्षेने अतिश्रम केल्यास स्नायूंचे तंतू तुटून त्यांतील द्रव्ये रक्तात मिसळतात; याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात आणि त्यातून मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. व्यायामानंतर एक-दोन दिवसांत स्नायू असह्य दुखून सुजले किंवा लघवी गडद चहाच्या रंगाची झाली, तर विश्रांती घेऊन वाट पाहू नये, तातडीने रुग्णालयात जावे.

प्रतिसाद ३
मला स्वतःला चढाओढ आवडते आणि ती पूर्णपणे काढून टाकावी असे वाटत नाही. शेजारचा थांबला नाही म्हणून मीही थांबलो नाही, असे अनेकदा घडते आणि त्याचा मला लाभच झाला आहे. पण माझे नाव फळ्यावर असावे की नसावे, हे मी ठरवायला हवे.

प्रतिसाद २ (पुन्हा)
हे पटते. आमच्याकडे फळ्यावर नाव लिहिणे ऐच्छिक आहे आणि अर्धवट स्क्वॉट मोजायचा नाही, असा नियम आहे. बाकीच्यांसाठी प्रत्येकाची वही असते, तिच्यात मागच्या वेळचा आकडा आणि श्रम किती वाटले याचा ६ ते २० या बोर्ग मापनश्रेणीवरील अंक लिहिला जातो. तेच वजन उचलताना पूर्वी श्रम १७ वाटत होते आणि आता १३ वाटतात, ही प्रगती कोणत्याही क्रमवारीत दिसत नाही. आपल्या ट्रेनरकडे निदान एवढी मागणी अवश्य करावी.